जुने फोटो दाखवता दाखवता पुढचं पुस्तक कसं आखावं

आत्मकथनाचं पहिलं पुस्तक छापून आलं की घरातली फोटोंची पेटी पुन्हा उघडली जाते. पुस्तकात गेलेले वीस-पंचवीस फोटो सोडले तर बाकीचे सगळे तसेच पडून असतात. वाचक त्यांच्याबद्दल विचारतात, दूरचे नातेवाईक स्वतःकडची पाकिटं आणून देतात आणि लेखक एकेक फोटो लोकांपुढे ठेवू लागतो. पुढच्या पुस्तकाचं काम इथेच सुरू झालेलं असतं, फक्त ते तसं ओळखून करायला हवं. नोंद ठेवून दाखवलेला फोटो एखादं नाव, एखादी तारीख किंवा विसरलेला माणूस घेऊन परत येतो. नोंद ठेवली नाही तर कौतुकाचे चार शब्द मिळतात आणि वर्षभराने लिहायला बसल्यावर हाती काही उरत नाही.

आधी आठवण लिहा, मग फोटो पाहा

फोटो आठवण जागी करतो, तसा तो आठवणीची जागाही बळकावतो. आजोबांचा चेहरा आठवतोय असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात आठवत असतो तो भिंतीवरचा फोटो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात काही प्रौढांना त्यांचे लहानपणीचे फोटो दाखवले गेले. त्यांतला एक बनावट होता, गरम हवेच्या फुग्यातल्या सफरीचा. अशी सफर त्यांच्यापैकी कुणीच केली नव्हती. तरी काही बैठकांनंतर निम्म्या लोकांना ती थोडीफार किंवा अगदी तपशीलवार आठवू लागली. बनावट फोटोने एवढं होतं, तर खरा फोटो आपल्या आठवणीत किती काय मिसळत असेल याचा अंदाज बांधता येतो.

म्हणून क्रम पाळा. एक विषय घ्या: जुनं घर, शाळेतला शेवटचा दिवस, धाकट्या बहिणीचं आजारपण. फोटो न पाहता पंधरा-वीस मिनिटं लिहा. कोण कुठे बसलं होतं, कसला वास येत होता, दार कोणत्या बाजूला होतं, कोण बोलत होतं. खाली तारीख घाला. मग फोटो काढा आणि जिथे फरक दिसेल तिथे दुसऱ्या रंगाच्या शाईने समासात टीप करा. मूळ मजकूर खोडू नका. आठवणीत अंगण मोठं आहे आणि फोटोत तीन पायऱ्या आणि एक भिंत, हा फरक चूक म्हणून मिटवून टाकला तर लहान मुलाच्या उंचीवरून दिसलेलं ते घर कायमचं जातं. चांगल्या प्रकरणाचं बीज पुष्कळदा अशाच फरकात सापडतं.

नोंदवही

अल्बममधून एकही फोटो काढण्याआधी प्रत्येक पानाचा, दोन्ही पानं उघडी ठेवून, सबंध फोटो घ्या. फोटो कोणत्या क्रमाने लावले आहेत, कोणाची जागा रिकामी आहे, कुठला फोटो नंतर उचकटून नेला आहे, हा पुरावा एकदा विस्कटला की परत मिळत नाही.

मग प्रत्येक फोटोला चार आकडी क्रमांक द्या: ०००१, ०००२ असा सरळ. क्रमांकात साल घालण्याचा मोह टाळा. साल पुढे बदलतं आणि क्रमांक बदलला की सगळी नोंद कोलमडते. स्कॅनच्या फाइलला नाव देताना पुढच्या बाजूला '०१४७ पु', मागच्या बाजूला '०१४७ मा' एवढं पुरतं. मागची बाजू प्रत्येक वेळी स्कॅन करायची, कोरी दिसली तरी.

साध्या तक्त्यात एवढे रकाने असू द्या: क्रमांक, कुठे सापडला, मागे लिहिलेला मजकूर जसाच्या तसा (शुद्धलेखनाच्या चुकांसकट), माणसं डावीकडून उजवीकडे, तारीख, ठिकाण, मूळ प्रत कोणाकडे, परवानगी, कधी आणि कुठे दाखवला, काय कळलं, कोणाकडून. तारीख आणि नावं यांच्या शेजारी एक छोटा रकाना खात्रीचा ठेवा. त्यात तीनच शब्द येऊ द्या: पक्कं, अंदाज, ऐकीव. हा रकाना नसेल तर दोन वर्षांनी 'ऐकीव' आपोआप 'पक्कं' होऊन बसतं आणि पुस्तकात तसंच छापलं जातं.

मूळ फोटोवर बॉलपेनने कधीही लिहू नका. दाबाचा उठाव पुढच्या बाजूला येतो आणि शाई समोरच्या फोटोला लागते. जुन्या कागदी फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक लिहिता येतो. १९७० च्या सुमारास रुळलेल्या प्लॅस्टिकच्या लेपाच्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर लिहावा, आणि तोही फोटो आत घालण्याआधी.

हाताळणी आणि स्कॅनिंग

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, फोटो कडांनी धरा. निगेटिव्हसाठी नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे) हातमोजे चांगले. सुती मोजे धागे सोडतात आणि पकड ढिली करतात. धूळ मऊ ब्रशने किंवा हाताने दाबायच्या रबरी फुग्याने उडवा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे थेंब फोटोच्या वरच्या जिलेटिनच्या थरावर डाग पाडतात. ओला कपडा, काच पुसायचं द्रव, खोडरबर यांतलं काहीही वापरू नका.

चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेला फोटो नखाने उचलू नका. पानासकट स्कॅन करा, आधी प्रतिमा सुरक्षित झाली पाहिजे. त्यानंतरच दातांच्या फटी साफ करायचा, मेण न लावलेला दोरा (फ्लॉस) फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवून पाहा. अडलं की थांबा. काचेला चिकटलेला फोटो ओढला तर वरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसह स्कॅन करायचा आणि तसाच ठेवायचा. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा. १९५० च्या सुमाराच्या आधीची, कडेवर 'सेफ्टी' हा शब्द नसलेली निगेटिव्ह नायट्रेटची असू शकते. नायट्रेट सहज पेट घेतं, तेव्हा ती उष्णतेपासून लांब ठेवून जाणकाराला दाखवा.

स्कॅन किती डीपीआयवर (म्हणजे इंचामागे किती ठिपके)  करायचा याचं गणित सोपं आहे. छापील पुस्तकाला छापायच्या आकारात ३०० डीपीआय लागतात. मूळ फोटो ६ सेंमी रुंद आणि पुस्तकात तो १२ सेंमी हवा, म्हणजे दुप्पट, म्हणून ६००. ओळखपत्रावरचा अडीच सेंमीचा चेहरा १० सेंमी करायचा असेल तर चौपट, म्हणून १२००. नेहमीच्या छापील फोटोला ६०० हा चांगला मध्यम आकडा आहे. त्याच्या फार वर गेल्यावर कागदाचे तंतू दिसतात, चेहऱ्यात नवं काही येत नाही. ३५ मिमी निगेटिव्ह मात्र ३२०० च्या आसपास करावी लागते, कारण तिची चौकट फक्त २४ × ३६ मिमीची असते.

कृष्णधवल फोटोही रंगीतमध्येच स्कॅन करा. पिवळेपणा, शाईचे डाग आणि पेन्सिलीच्या खुणा रंगामुळे वेगळ्या काढता येतात. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे प्रतिमेतलं काही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात, ठेवा. १० × १५ सेंमीचा फोटो ६०० डीपीआयवर साधारण २५ एमबी होतो, त्याची धास्ती घेऊ नका. स्कॅनरमधली 'आपोआप सुधारणा', 'धारदार करा' ही बटणं बंद ठेवा. धूळ आपोआप काढणारी अवरक्त (इन्फ्रारेड) सोय चांदीवर आधारलेल्या कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही, ती चांदीच्या कणांनाच धूळ समजते. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर मागे काळा कागद ठेवा, पाठीमागची छपाई पुढे दिसत नाही.

खरबरीत किंवा जाळीदार कागदावरचे फोटो स्कॅनरवर ठिपकेदार येतात, कारण त्याचा दिवा प्रत्येक उंचवट्याला चमकवतो. असे फोटो कॅमेऱ्याने घ्यावेत, दोन बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे लावून. नातेवाइकांच्या घरी फक्त मोबाइल हाताशी असेल तर खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, फोटो सपाट ठेवा. फ्लॅश आणि सौंदर्य वाढवणारी सोय बंद करा, थोडं मागे सरकून दुप्पट झूम वापरा. जवळून घेतला तर कडा वाकतात आणि स्वतःची सावली पडते. तासाभरात नोंदीसकट वीस-पंचवीस फोटो होतात, त्याहून घाई केली की मागच्या बाजू राहून जातात.

सगळ्याच्या तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर.

आता दुरुस्तीबद्दल. ओरखडे आणि धूळ काढायला हरकत नाही. पण कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं पुसट चेहरा 'स्पष्ट' करतात तेव्हा ती नसलेले डोळे आणि नसलेला जबडा तयार करतात. दिसायला देखणा चेहरा मिळतो आणि तो तुमच्या मावशीचा नसतो. रंग भरण्याचंही तेच, कपड्याचा रंग यंत्राने अंदाजाने ठरवलेला असतो. आत्मकथनाचा सगळा करार खरेपणाचा आहे. त्यामुळे चेहऱ्याला हात लावायचा नाही, आणि रंग भरलेली प्रत दाखवायचीच असेल तर तसं स्पष्ट लिहून मूळ प्रत शेजारी ठेवायची.

फोटो कधीचा आहे

कागद, आकार आणि कडा यांवरून बहुतेक वेळा 'याच्या आधीचा नाही' एवढंच ठरतं, पण तेही कामाचं असतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचं नाव असलेला फोटो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धाच्या आसपासपर्यंतचा असतो. ६ × ६ किंवा ६ × ९ सेंमीचे फोटो १२० क्रमांकाच्या रोलचे असू शकतात. हा रोल १९०१ पासून आजही मिळतो, म्हणून केवळ आकारावर विसंबू नका. नागमोडी कापलेल्या कडा १९३० ते १९५० च्या दशकांत विशेष दिसतात. ९ × ९ सेंमीच्या आसपासचे चौकोनी फोटो पुष्कळदा १९६३ नंतरच्या काडतूस-फिल्मच्या (बंद डबीतून थेट बसवायच्या फिल्मच्या) कॅमेऱ्यांचे असतात. खाली रुंद पांढरी पट्टी असलेले, आपोआप धुतले जाणारे पोलरॉइड फोटो १९७२ नंतरचे. रंगीत दिसतो म्हणून फोटो अलीकडचा असं मात्र नाही, हाताने रंगवलेले फोटो त्याआधी कितीतरी वर्षं होत. भिंगाखाली ब्रशचे फटकारे दिसले की ओळखा.

पांढऱ्या कडेवर छापलेला महिना-साल हा फोटो धुतल्याचा असतो. रोल कॅमेऱ्यात सहा-आठ महिने पडून राहिलेला असू शकतो.

सर्वांत जास्त फसवते ती नक्कल प्रत. जुन्या फोटोचा फोटो काढून नव्या कागदावर छापलेला असला की कागद १९७५ चा आणि माणसं १९४० ची. प्रतिमेच्या आत दुसऱ्या फोटोच्या कडा, घडीची रेघ किंवा टाचणीची सावली दिसते का ते पाहा. सगळा फोटो सारखाच पुसट असेल, अगदी कडेला दिसणारी झाडाची पानंही, तरी शंका घ्या.

कालनिश्चितीसाठी मुलांइतकं भरवशाचं साधन नाही. ज्याची जन्मतारीख पक्की आहे असं मूल शोधा. पुढचे दुधाचे दात पडलेले असतील तर वय साधारण सहा ते आठ. मांडीवर दीड-दोन वर्षांचा मुलगा आहे आणि त्याचा जन्म १९५७ चा आहे, तर नोंद '१९५८-५९, अंदाज' अशी करा आणि कारणही लिहा. भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळ, पाटी हे भाग मोठे करून पाहा. पाटीवरची अक्षरं उलटी किंवा सदऱ्याची बटणं नेहमीच्या विरुद्ध बाजूला दिसली तर निगेटिव्ह उलटी लावून छापली गेली आहे. तसं असेल तर 'डावीकडून तिसरी' हा सगळा हिशेब फिरतो.

फोटो पुढ्यात ठेवून विचारणं

वयस्कर माणसाकडे जाताना सहा ते आठ फोटोंच्या मोठ्या छापील प्रती न्या, अंदाजे २० × २५ सेंमीच्या. मोबाइलचा पडदा सरकवत दाखवलेल्या फोटोंवर माणूस नावं सांगून पुढे जातो. कागद हातात असला की बोट फिरतं, आणि बोट थांबतं तिथे गोष्ट असते. बैठक तासाभराची पुरे.

ध्वनिमुद्रण सुरू करून प्रत्येक फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हणा, नाहीतर नंतर 'हा बघ, हा तो' कोणाबद्दल होतं ते कळत नाही. तुम्हाला माहीत असलेली नावं आधी सांगू नका. 'यात काय दिसतंय?' इथून सुरुवात करा. चेहऱ्यांच्या आधी कडा विचारा: हे दार कुठे उघडायचं, खुर्ची कोणाची, फोटो कोणी काढला, त्या दिवशी कोण हजर नव्हतं. शेवटच्या दोन प्रश्नांना जी उत्तरं मिळतात ती फोटोत कुठेच नसतात.

दोन भावंडांना पहिल्यांदा एकत्र बसवू नका, थोरला सांगतो आणि धाकटा मान डोलावतो. वेगवेगळं विचारा आणि दोन्ही उत्तरं लिहून ठेवा. न जुळणाऱ्या जबान्या घरच्या इतिहासात निकाल लावण्यासाठी नसतात; दोघांना तसं का आठवतं, हा लिहिण्याजोगा प्रश्न आहे.

काय दाखवायचं, काय राखून ठेवायचं

फोटोचा कागद तुमच्याकडे असला म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क तुमच्याकडे असतोच असं नाही. तो बहुधा फोटो काढणाऱ्याचा असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे नियम देशागणिक वेगळे आहेत. स्वामित्वहक्काच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराने छायाचित्राला किमान २५ वर्षांचं संरक्षण ठरवून दिलं आहे आणि कित्येक देशांत ते त्याहून बरंच मोठं आहे. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर चौकशी करा आणि केलेली चौकशीही नोंदवून ठेवा. पत्रांच्या फोटोत तर हमखास गफलत होते: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा.

हयात माणसांची संमती लेखी घ्या आणि तीन गोष्टी वेगळ्या विचारा: ऑनलाइन दाखवायचा का, पुस्तकात छापायचा का, पुस्तकाच्या जाहिरातीत वापरायचा का. 'पुस्तकात चालेल' म्हणणारी व्यक्ती स्वतःचा चेहरा जाहिरातीत पाहून दुखावते, आणि तिचं दुखावणं रास्त असतं. आजारी माणसं, इतरांची मुलं, अंत्यसंस्काराचे प्रसंग यांचे फोटो जवळच्यांना विचारल्याशिवाय दाखवू नका. मागच्या बाजूचा पत्ता, टेबलावरच्या कागदाचा खातेक्रमांक असलं काही झाकूनच प्रत बाहेर पाठवा. फाइलमध्ये दडलेली ठिकाणाची माहिती काढा. लांब बाजू १६०० पिक्सेल पुरते, टिफची मूळ प्रत कोणालाही देऊ नका.

साधारण एक तृतीयांश फोटो मुद्दाम राखून ठेवा: मुखपृष्ठावर जाऊ शकणारे, आणि पुढच्या पुस्तकाच्या कलाटणीशी जोडलेले. कलाटणीच्या फोटोखाली लगेच तीन परिच्छेद लिहून टाकले की तो प्रसंग त्याच शब्दांत गोठतो. लोकांनी वाहवा केलेलं वाक्य नंतर मोडवत नाही, आणि प्रकरणाला ते आखूड पडतं. म्हणून फोटोओळीत तपशील द्या, प्रसंग सांगू नका.

ऑनलाइन आठवड्याला एक फोटो पुरे. ओळ चाळीस-पन्नास शब्दांची, आणि तिच्यात एकच नेमका प्रश्न. असा नमुना चालेल: 'शाळेचं संमेलन, बहुधा १९६४. बसलेल्यांत डावीकडून तिसऱ्या मुख्याध्यापिका, उभ्यांत दुसरी माझी आई. मागच्या फळ्यावर अर्धवट दिसणारं नाव कोणत्या नाटकाचं? घरचा संग्रह, क्र. ०२१२.' 'सोनेरी दिवस!' एवढंच लिहिलं तर उत्तरात हृदयाची चित्रं येतात. 'कोणाला काही आठवतंय का?' हाही फार मोघम प्रश्न आहे. फळ्यावरचं नाव विचारलं की त्या नाटकात काम केलेली बाई स्वतःहून लिहिते.

आलेलं उत्तर त्याच दिवशी नोंदवहीत, सांगणाऱ्याच्या नावासह. दोन स्वतंत्र ठिकाणांहून दुजोरा मिळेपर्यंत 'पक्कं' लिहू नका. एकाचं उत्तर वाचून चौघांनी तेच म्हटलं तर तो एकच साक्षीदार धरायचा. कोणी खाजगीत लांबलचक लिहून पाठवलं तर ते पुस्तकात वापरण्याआधी त्यांना विचारा, आणि ऋणनिर्देशातल्या नावांची यादी आजपासूनच ठेवा.

आराखडा

तीन-चार महिन्यांत आखणीला बसण्याइतकं साहित्य जमतं. सगळ्या फोटोंच्या ५ × ७ सेंमीच्या साध्या कागदी प्रती काढा, खाली फक्त क्रमांक. जमिनीवर पसरा. पहिल्यांदा कालक्रमाने लावू नका, तो क्रम डोक्यात आधीच असतो आणि पहिल्या पुस्तकातही बहुधा तोच होता. एकदा माणसांप्रमाणे लावा, एकदा जागांप्रमाणे, एकदा फोटो कोणी काढला त्याप्रमाणे. मग चार गोष्टी टिपा: कोण कुठेच दिसत नाही, कोणत्या वर्षांचा एकही फोटो नाही, कोणती जागा पुन्हा पुन्हा येते, आणि कोणत्या फोटोवर परस्परविरोधी उत्तरं आली.

आता पहिलं पुस्तक शेजारी घ्या. प्रत्येक प्रतीवर रंगाचा ठिपका द्या: पुस्तकात छापलेला, प्रसंग सांगितलेला पण फोटो न छापलेला, आणि अजिबात न आलेला. ठरवलेल्या प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या दोन रंगांत पडत असतील, तर हाती पहिल्या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती आहे. तीही काढता येते, पण तिला नवं पुस्तक म्हणून वाचकापुढे नेऊ नये.

नव्या पुस्तकाची हद्द एका वाक्यात लिहा, त्यात काळ, जागा आणि माणसं तिन्ही हवीत: '१९५९ ते १९७१, एक भाड्याचं घर आणि त्यात राहून गेलेली सहा माणसं.' हे वाक्य लिहिता येत नसेल तर फोटो दाखवणं आणि विचारणं अजून चालू ठेवा. लिहिता आलं की त्यात न बसणारे सुंदर फोटो बाजूला काढायचं धैर्य येतं. सर्वांत आवडता फोटो हद्दीबाहेर पडला म्हणून हद्द वाढवणं, यात बरीच दुसरी पुस्तकं फसतात.

फोटोंच्या संग्रहातली सगळ्यात मोठी खोट इथे ध्यानात घ्यावी लागते. कॅमेरा निघतो तो लग्नाला, बारशाला, पाहुणे आल्यावर, पदवी मिळाल्यावर. कर्ज, भांडण, अबोला, नोकरी सुटल्यानंतरचे महिने यांचे फोटो कोणी काढत नाही. केवळ फोटोंवरून प्रकरणं बेतली तर घर आयुष्यभर नटूनथटून उभं होतं असं पुस्तक तयार होतं. म्हणून किमान एक तृतीयांश प्रकरणं एकही फोटो नसलेली असू द्या, आणि ती ज्या रिकाम्या वर्षांची नोंद केलीत तिथूनच काढा. त्यांच्यासाठी इतर कागद शोधा: दवाखान्याच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या, शाळेचे दाखले, जमाखर्चाच्या वह्या, पत्रं. जमाखर्चाच्या वहीत एका महिन्यात दुधाचा रतीब निम्मा झालेला दिसतो, आणि त्या महिन्यात घरात काय घडलं हे विचारायला धागा मिळतो.

चौदा प्रकरणं, प्रत्येकी चार हजार शब्द, म्हणजे ५६,००० शब्द, हे पेलवणारं माप आहे. प्रत्येक प्रकरणाला एक कार्ड करा: मुख्य प्रसंग, कालावधी, फोटो क्रमांक (तीनपेक्षा जास्त नकोत), आधाराचे कागद, अजून न कळलेलं, कोणाला विचारायचं. प्रकरणामागे तीन आठवडे धरले तर पहिला खर्डा ४२ आठवड्यांत होतो. सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका. आधी दोन नमुना प्रकरणं लिहा, एक भरपूर फोटो असलेलं आणि एक फोटो नसलेलं. दुसरं फिकं पडलं तर वाक्यं घासत बसण्याऐवजी परत माणसांकडे आणि कागदांकडे जा, कारण तिथे माहितीच कमी पडलेली असते.

खर्डा लिहिताना फोटो वर्णन करू नका. शेजारच्या पानावर दिसणारा मुलगा 'पांढरा सदरा घालून उभा आहे' हे वाचकाला सांगायची गरज नसते. तो सदरा कोणाचा होता आणि फोटोनंतर परत का करावा लागला, तेवढं लिहा.

छापखान्याकडे जाताना

फोटोंचा स्वतंत्र विभाग आर्ट पेपरवर करायचा असेल तर पानं ८ किंवा १६ च्या फर्म्यात (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) धरा. आठ पानांत पंधरा ते वीस फोटो नीट बसतात, त्याहून जास्त घातले की चेहरे तिकिटाएवढे होतात. मजकुराच्याच कागदावर छापायचे असतील तर शाई पसरून फोटो काळवंडतात, तेव्हा मधल्या छटा आधी थोड्या उजळ करून घ्या आणि पडद्यावर न ठरवता त्याच कागदावर एक नमुना पान छापून मागा. काळ्या केसांचा माणूस काळ्या दारापुढे उभा असेल असा फोटो या नमुन्यासाठी निवडा.

प्रकाशकाला फोटो मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवून देऊ नका. फाइली वेगळ्या, आणि सोबत एक यादी: क्रमांक, प्रकरण, छापायचा आकार, फोटोओळ, श्रेय, परवानगीची तारीख. मुद्रितं (तपासायला येणारी छापील पानं) आली की मूळ स्कॅन शेजारी उघडून प्रत्येक फोटो पुन्हा पाहा. पानाच्या मांडणीत फोटो कधी उलटा फिरतो, कधी कडेचा माणूस कापला जातो. तो माणूस गेला की ओळीतली 'डावीकडून चौथी' व्यक्ती तिसरी होते, आणि काकूच्या नावाखाली शेजारीण छापली जाते. म्हणून कापलेल्या प्रत्येक फोटोची ओळ, फोटोतली डोकी बोटाने मोजून, नव्याने लिहा.